घर काचीगुड्यात घेतलंय

ती. आई-बाबांना
सा. न.

रागावू नका. किल्ली हातात आलीय, ॲडव्हान्सही देऊन बसले. फोनवर तुम्ही ‘नको’ म्हणाला असतात, म्हणून पत्र. परभणीचं घर कुणी विकत नाही. फक्त थंडीचे चार महिने इथं हैदराबादला या. आई न्हाणीत पडली हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं, बाबा?

ऑफिस हायटेक सिटीत, मग घर एवढ्या लांब का, असं तुम्ही विचारणारच. तिकडं नुसत्या काचेच्या इमारती. विसाव्या मजल्यावर दिवसभर कुणाची वाट बघत बसाल? सिकंदराबाद मोकळं आहे, पण ते पडलं छावणीचं गाव. इथून सुलतान बाजार जवळ. बडी चावडीकडं अजून मराठी कानावर पडते, 1907 ची आपली विवेकवर्धिनी शाळा आहे. माझं काय, कोठीहून मेट्रो, अमीरपेठला बदलायची. बसायला मिळतं कधीकधी. खरंच त्रास नाही.

आणि बाबा, आजोबांना 1938 साली ‘वंदे मातरम्’पायी जिथून काढलं, ते उस्मानिया विद्यापीठही लांब नाही. गेटापाशी रिक्षा थांबवू. तेवढं तरी बघायला याल ना?

आईला सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ दाखवायचंय. तासाला छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो, लोक आधीपासून समोर बसून असतात. लाड बाजारात लाखेच्या बांगड्या. चारमिनार (1591 चा, बाबा सांगतीलच) खालूनच बघायचा. वर चढायचं नाव काढायचं नाही.

गोवळकोंडा आठवतो? मी पाच वर्षांची, बाबांच्या खांद्यावर बसून पार माथ्यावरच्या बालाहिसारपर्यंत गेले. आई खाली फतेह दरवाज्यात टाळ्या वाजवत होती, अन् वर ऐकू आल्यावर मी रडले, आई दिसत नाही म्हणून. आता तुम्ही दोघं खालीच बसा. वर मी जाते.

न्हाणीत दांडी बसवलीय, कमोड आहे, ज्वारीचं पीठ खालच्या गिरणीत मिळतं. बाबांची बी.पी.ची गोळी चुकवायची नाही. डॉक्टरांचे सगळे कागद एकाच पिशवीत घ्या. तिकिटं मीच काढते, खालचे बर्थ. गाडी बदलायची नाही.

येसर तेवढा आणा, इथल्या मसाल्याला ती चव नाही. पण डबा बाबांनी उचलायचा. आईनं नाही.

तुमची,
छकुली