संरक्षण अधिकारी म्हणून रुजू होणाऱ्या मैत्रिणीस

प्रिय सखीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पुढच्या महिन्यात तू कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी म्हणून रुजू होणार, हे वाचून मनापासून आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, बाईची माहिती जपायची तर तिला मदत कशी मिळवून द्यायची, कारण मदत मागायला गेले की प्रत्येक दारात आधी तिची माहितीच मागतात. समुपदेशन केंद्रात इतकी वर्षे काम करूनही या प्रश्नाचे एका ओळीचे उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

आधी माझ्या हातून घडलेली चूक सांगते. मी नवीन असताना एका बाईने मोबाइल क्रमांक देताना बजावले होते की, फोन फक्त दुपारी करा, नवरा कामावर असतो तेव्हा. काही दिवसांनी निवारागृहात जागा झाल्याचे संध्याकाळी कळले आणि ती जागा हातची जाऊ नये म्हणून मी त्याच क्षणी फोन लावला. फोन सासूने उचलला आणि मी सवयीने केंद्राचे नाव सांगितले. ती बाई तीन आठवड्यांनी केंद्रात आली, तेव्हा तिच्या मनगटाला प्लास्टर होते. मी तिची माहिती कोणाला विकली नव्हती की गप्पांत उघड केली नव्हती. मदत लवकर पोहोचावी, या घाईतच मी ती फोडली होती. आपल्या कामात बहुतेक वेळा गुपित असेच फुटते.

आता तुझ्या टेबलावरच्या कागदांविषयी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्यानुसार तक्रार आली की तू घटना अहवाल, म्हणजे आपण ज्याला डीआयआर म्हणतो तो, तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवणार. त्याच्या प्रती त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला आणि सेवा देणाऱ्या संस्थांनाही जाणार. म्हणजे बाईने तुझ्यासमोर रडत सांगितलेली गोष्ट आठवडाभरात तीन-चार टेबलांवर पोहोचते, आणि लहान गावात त्यांपैकी एखाद्या टेबलामागे सासरच्या नात्यातला माणूस बसलेला असू शकतो. म्हणून अहवाल लिहायला घेण्यापूर्वी तो कुठे कुठे जाणार, हे तिला नीट समजावून सांग आणि त्या ठिकाणी ओळखीचे कोणी आहे का, हेही विचार. हा प्रश्न कोणत्याही नमुन्यात छापलेला नाही, पण तो सर्वांत आधी विचारायला हवा.

पत्त्याच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. अर्ज दाखल झाला की त्याची नोटीस गैरअर्जदाराला तूच बजावणार, आणि त्या कागदांतून घर सोडून आलेल्या बाईचा नवा पत्ता सरळ नवऱ्याच्या हातात जाऊ शकतो. तेव्हा पत्ता कोणता लिहायचा, हे तिच्या वकिलांशी आधी बोलून घे आणि गरज असेल तर न्यायालयाला तशी विनंती करायला सांग. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही अर्ज करण्याची मुभा कायद्याने दिली आहे आणि ती फार मोलाची आहे. पण अर्ज कोणत्या तालुक्यात केला, एवढ्यावरूनच ती कुठे आहे हे कळते. नवरा तिला शोधत फिरत असेल, तर हिंसा घडली तिथल्या किंवा तो राहतो तिथल्या न्यायालयात अर्ज करणे कधी कधी अधिक सुरक्षित ठरते, मग तारखांना प्रवास करावा लागला तरी चालेल. सुनावणी बंद दाराआड घेण्याची विनंतीही तिला करता येते. निवारागृहाला तर नियमच आहे की, तिने सांगितले तर ती तिथे आहे हे त्यांनी नवऱ्याला कळवायचे नाही.

मात्र कायद्याबाहेरच्या वाटा मला जास्त घाबरवतात. बाई मुलांना घेऊन निघाली की नवरा पोलिसांत हरवल्याची तक्रार देतो आणि यंत्रणा भाबडेपणाने तिला शोधून त्याच्यासमोर उभी करते. सज्ञान बाईने स्वतःच्या इच्छेने घर सोडल्याचा जबाब दिला की तेवढे पुरे असते, नवा पत्ता नवऱ्याला सांगण्याचे कारण नाही; म्हणून ती निघण्याआधीच हा जबाब कुठे आणि कसा द्यायचा, ते तिच्याशी ठरवून ठेव. नवी शाळा जुन्या शाळेकडे मुलाचा दाखला मागते, त्या कागदावर नव्या शाळेचे नाव असते. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, त्यामुळे तिथे घाई करायला लावू नकोस. बँकेचे संदेश नवऱ्याच्या मोबाइलवर जात असतील, तर तिने कोणत्या गावातल्या एटीएममधून पैसे काढले, हेही त्याला घरबसल्या कळते.

हे सगळे वाचून तू कपाटाला कुलूप लावून बसशील, अशी भीतीही मला वाटते. तसे करू नकोस. गोपनीयतेचे नाव सांगून एका कार्यालयाने दुसऱ्याला काहीच कळवले नाही, म्हणून एका बाईला स्वतःवर गुदरलेला प्रसंग चार ठिकाणी पहिल्यापासून सांगावा लागला, हे मी पाहिले आहे. चौथ्या ठिकाणी ती बोललीच नाही, उठून घरी गेली. दवाखान्यातला केस पेपर वेळेवर वकिलांकडे गेला नाही, तर संरक्षण आदेश लांबतो आणि तेवढे दिवस ती मार खात राहते. 2000 साली मुंबईच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू झालेला दिलासा विभाग मला म्हणूनच आदर्श वाटतो. दवाखान्यात जायला बाईला घरी वेगळे कारण सांगावे लागत नाही आणि उपचाराच्या निमित्ताने ती समुपदेशकापर्यंत पोहोचते. तिथे मदत आणि आडोसा एकाच दारात मिळतात.

माझे मत विचारशील तर संमती म्हणजे पहिल्या दिवशी घेतलेली सही नव्हे. कोणती माहिती, कोणाला आणि कशासाठी, हे दर वेळी तिला विचारायचे आणि गरजेपुरतीच पुढे द्यायची. रेशनकार्डाच्या कामासाठी तहसील कार्यालयाला तिच्या बरगडीची हकिकत कळण्याची गरज नाही, आणि डॉक्टरांना तिचा नवा पत्ता लागत नाही. शेजाऱ्याने खबर दिली, तर कायदा त्याला संरक्षण देतो. पण त्या खबरीवर तू गाडी घेऊन दारात उभी राहण्याआधी तिच्याशी एकटीशी बोलण्याची वाट शोध. जिथे गप्प राहणे तुझ्या हातात नाही, तेही सुरुवातीलाच सांग. घरातल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे तुला कळले, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ते कळवावेच लागते. हे तिला आधी माहीत असले, तर काय सांगायचे ते ती स्वतः ठरवू शकते. नंतर कळले, तर तिचा विश्वास पुन्हा मिळत नाही.

रुजू झालीस की पहिल्या आठवड्यात मला एवढे कळव की, बाईला बोलायला तुझ्या कार्यालयात दार बंद होणारी खोली आहे का. बहुतेक ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्याचे टेबल मोठ्या दालनात, इतरांच्या टेबलांमध्येच असते. तसे असेल तर मी पुढच्या शनिवारी येते. खोली मिळावी म्हणून वरिष्ठांना द्यायच्या अर्जाचा मसुदा आपण दोघी बसून करू.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझीच,
मैत्रीण