हात टेकण्याआधी एवढं वाच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एरवी तू तक्रारसुद्धा हसवत हसवत करतोस, या वेळी सूर अगदीच बसका लागलाय. वाचनालयाच्या कामाला पैसा नाही, माणसं नाहीत, वर कोणी ऐकत नाही, आणि ज्यांच्यासाठी धडपडायचं तेच दार लावून घेतात. यातलं काहीच खोटं नाही, म्हणून ‘होईल रे सगळं नीट’ असली मलमपट्टी करत नाही. अशाच अडचणींतून इतर शहरांनी कशी वाट काढली, याच्या गोष्टींत मी गेले काही आठवडे बुडालोय, त्यातल्या काही सांगतो.

झिम्बाब्वेत 2005 साली सरकारने शहरांतल्या झोपड्यांवर आणि टपऱ्यांवर बुलडोझर फिरवले. सुमारे 7 लाख लोकांचं घर गेलं, नाहीतर पोट, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. माणसं मनाने पार खचलेली, आणि अख्ख्या देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्याच एकाची, डॉ. डिक्सन चिबांडा यांची, एक पेशंट केवळ रुग्णालयापर्यंतच्या बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून आली नाही आणि तिने जीव दिला. त्यानंतर राजधानी हरारेतल्या एम्बारे वस्तीत काहीतरी करायचं ठरलं, पण दवाखान्यात खोली मिळेना, नर्सही मिळेनात. मिळाल्या फक्त 14 आज्या! वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या, शिक्षण जेमतेम, पण घरोघरी ओळख असलेल्या.

त्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक टाकला. येणाऱ्याने आजीशेजारी बसायचं आणि बोलायचं. आजी सगळं ऐकून घेते, मग विचारते, यातलं आधी कशाला हात घालायचा? एकच अडचण निवडायची, तिच्यावर या आठवड्यात काय करता येईल तेवढं ठरवायचं, पुढच्या वेळी येऊन सांगायचं. झालं. ‘आज्या काय उपचार करणार’ असं तू म्हणशील हे मला ठाऊक आहे, म्हणून पुढचं सांगतो. 2016 मध्ये या बाकाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत सहा महिन्यांनी 100 पैकी जवळजवळ 50 जणांत नैराश्याची लक्षणं उरली होती. बाकावर बसलेल्यांत 14.

मला यातली आकडेवारी भावली, पण त्याहून भावली ती शोधायची दिशा. काय नाही याची यादी त्यांच्याकडेही लांबलचक होती. ती बाजूला ठेवून त्यांनी इथे आधीपासून कोण आहे, हे पाहिलं.

ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराने कचऱ्याचं असंच केलं. तिथल्या गरीब वस्त्यांच्या बोळांत कचऱ्याची गाडी शिरतच नव्हती. बोळ रुंद करायचे तर घरं पाडावी लागणार. मग गाडी बाहेर थांबली आणि लोकांना सांगितलं, कचरा तुम्ही आणा, बदल्यात बसची तिकिटं घ्या. पुढे 1991 पासून भाजीपाला मिळू लागला. आसपासच्या शेतकऱ्यांकडे न खपलेला माल पडून राहायचा, तो पालिकेने घेतला. घाण, उपास आणि पडेल भाव, तीन खात्यांच्या तीन फायली एकाच गाडीपाशी येऊन भेटल्या.

याच शहराने 1972 मध्ये मुख्य बाजाराचा रस्ता एका शनिवार-रविवारच्या सुट्टीत खणून पादचाऱ्यांचा केला. दुकानदार कोर्टात जायच्या आत काम उरकायचं होतं. मोटारवाले गाड्या घालण्याच्या तयारीत होते, तर पालिकेने रस्त्यावर कागदाच्या लांबलचक पट्ट्या अंथरल्या आणि मुलांना चित्रं काढायला बसवलं. किस्सा झकास आहे, मीही तो चारचौघांत सांगतो. पण महापौर जैमे लर्नर तेव्हा लष्करी राजवटीने नेमलेले होते, निवडून आलेले नव्हते, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. कोणाला विचारावंच लागत नसेल तर काम झपाट्याने होणारच. तुला विचारावं लागतं, म्हणून तुझं घोडं अडतं, आणि ते अडणं मला लर्नर यांच्या वेगापेक्षा बरं वाटतं.

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये तर विचारूनच झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा जागोजाग पडून होत्या. 1947 मध्ये अल्डो व्हॅन आइक या तरुण वास्तुरचनाकाराने एका चौकात वाळूचा हौद आणि कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या उभ्या केल्या. ते पाहून बाकीच्या गल्ल्यांतले लोक पालिकेला पत्रं लिहू लागले, आम्हालाही हवं. 1978 पर्यंत अशी 700 हून जास्त मैदानं झाली.

कोलंबियाच्या राजधानीचं, बोगोटाचं, तू ऐकलं असशीलच: 1995 मध्ये महापौर झालेले गणिताचे प्राध्यापक अँटानास मोकस, आणि सिग्नलवर बेशिस्त चालकांची नक्कल करणारे मूकनट. दंडापेक्षा चारचौघांतल्या हसण्याला लोक जास्त बिचकले. पुढे पाणीटंचाई आली तेव्हा हे गृहस्थ टीव्हीवर अंघोळ करताना दिसले, साबण लावताना नळ बंद करून! लोकांनी पाणी वाचवलं. तरी एक सांगतो, मूकनटांनी बोगोटाची वाहतूककोंडी सुटली नाही, ती आजही आहे. कल्पकतेच्या नावाखाली पालिकेने आपली जबाबदारी झटकली की माझं डोकं फिरतं. आज्यांचा बाक आहे म्हणून डॉक्टर नेमायचे नाहीत, असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी भांडायलाच हवं.

तेव्हा तुझ्या त्या बंद पडलेल्या वाचनालयाच्या इमारतीचा आराखडा, निधीचा अर्ज वगैरे तूर्त राहू दे. तिच्या पायऱ्यांवर दिवसभर कोण बसतं, म्हणालास? दुपारी कोणीतरी मुलांना घेऊन येतं, असं मागे ओझरतं लिहिलं होतंस. ती बाई कोण, ती मुलं कुणाची, आणि तिथेच का बसतात? पुढच्या पत्रात बाकी काही नको, एवढंच सविस्तर लिही. आणि लवकर.

तुझाच,
मित्र