काळं दिसलं की दुःख?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतलं अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनाचं परीक्षण वाचलं. लाल म्हणजे आक्रोश, काळा म्हणजे मृत्यू आणि तिरकी रेघ म्हणजे आजच्या माणसाचा तणाव! समीक्षकांचं मनापासून अभिनंदन. एवढ्या थोड्या जागेत एवढ्या भावना वाटणं राशिभविष्यवाल्यांनाही जमत नाही.

दोन रंग एकमेकांना भिडतात की थोडे अलीकडेच थांबतात, कड सुरीने कापलीय की फडक्याने पुसलीय, खालचा थर कुठून डोकावतो, यातलं एक अक्षर परीक्षणात नाही. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरने, सुरीने रंगाचे थर चढवत आणि खरवडत. ते थर पाहिल्याशिवाय त्यांच्या चित्रातल्या भावनेबद्दल काय बोलणार?

माझा राग जुना आहे. मीही चित्रं काढते. एका समूह प्रदर्शनात माझं एक चित्र होतं. जवळजवळ सगळा कॅनव्हास काळा आणि उजव्या कडेला दाबून बसवलेला यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, अरुंद पट्टा. माझे यजमान त्याआधी काही महिन्यांपूर्वी गेले होते. एका समीक्षकांना ते कुठूनसं कळलं आणि छापून आलं, ‘पतीच्या निधनानंतरची पोकळी’. चित्र ते हयात असताना पूर्ण झालं होतं. कॅटलॉगमध्ये तारीख होती. उलट त्या चित्रापुढे उभं राहून यजमानांनीच मला सांगितलं होतं, “त्या पिवळ्याला जरा श्वास घेऊ दे.” मी घेऊ दिला नाही. काळा आता घसरेल असं वाटावं आणि पट्ट्याने त्याला जेमतेम थोपवून धरावं, असंच मला हवं होतं. ताण होता, भरपूर होता, पण तो विधवेचा नव्हता. त्या वृत्तपत्राला फोन केला तर उत्तर मिळालं, “पण मॅडम, वाचकांना ते फार भावलं.” पुढे लोक येऊन चित्रासमोर माझंच सांत्वन करत राहिले. पट्ट्याकडे कुणी पाहिलं असेल तर शपथ.

रंगावरून भाव सांगणाऱ्यांना अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथकोची हार्वर्ड विद्यापीठातली चित्रं दाखवायला हवीत. १९६४ मध्ये ती तिथल्या भोजनकक्षात लागली. त्यातलं लिथॉल रेड हे लाल रंगद्रव्य उन्हाने उडत गेलं, गडद किरमिजी काही ठिकाणी चक्क निळसर झाला आणि १९७९ मध्ये ती उतरवावी लागली. त्या निळ्यासमोर आपले समीक्षक काय लिहिते? ‘शांतता’?

आणखी एक. परीक्षणासोबतचं चित्र तुम्ही आडवं छापलंय. मी प्रदर्शन पाहिलंय, ते उभं आहे. डच चित्रकार मोंद्रियानचं चिकटपट्ट्यांचं एक चित्र ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात १९८०पासून उलटं टांगलेलं असावं, असं २०२२ मध्ये पुढे आलं, म्हणजे चूक मोठमोठ्यांचीही होते. पण तुम्ही परीक्षणातलं चित्र दोन्ही बाजूंनी कापलंही आहे, आणि या चित्रकाराचा सगळा खेळ नेमका कडांवर चालतो! चित्राचं माप नाही, माध्यम (तैलरंग की ॲक्रिलिक) नाही. सहा फुटी कॅनव्हाससमोर उभं राहून जे अंगावर येतं, ते तीन इंची फोटोत कसं कळावं?

माप आणि माध्यम छापायला एक ओळ पुरते. तेवढीही जागा नसेल, तर ‘अस्वस्थ करणारे’ हे शब्द दोनचार ठिकाणचे गाळावेत, सहज होईल.

आपली,
एक चित्रकार वाचक