मशिनिंगचे ड्रॉइंग मोल्डला चालत नाही

संपादक महोदय,

मेटल इंजेक्शन मोल्डिंगविषयी लिहिताना ‘प्लॅस्टिकसारखा धातू साच्यात भरला की पार्ट तयार’ असे सर्रास छापले जाते. याच समजुतीपायी मशिनिंगसाठी (धातू कापून-कोरून पार्ट घडवण्यासाठी) काढलेले ड्रॉइंग जसेच्या तसे मोल्ड बनवायला जाते आणि पहिली बॅच भट्टीतून वेडीवाकडी निघते. उद्योगविषयक पानांवर ही दुसरी बाजूही यावी, अशी कळकळीची विनंती.

साच्यात वितळलेला धातू जातच नाही. जाते ते साधारण २० मायक्रॉनपेक्षा बारीक पावडर आणि ती धरून ठेवणाऱ्या मेण-पॉलिमरच्या बाइंडरचे मिश्रण. आकारमानाने त्यात धातू ६० टक्क्यांच्या आसपास असतो. बाइंडर काढल्यावर उरलेली पोकळी सिंटरिंगमध्ये, म्हणजे भट्टीत तापवून पावडरचे कण एकमेकांना घट्ट जोडताना मिटते, म्हणून प्रत्येक माप १५ ते २० टक्के आकसते. आकसणे १६.७ टक्के असेल, तर १० मिमीच्या मापाला साच्यात १२ मिमी ठेवावे लागतात.

खरी गोम बाइंडर काढण्यात आहे. आधी बाहेरच्या थरातला बाइंडर निघून बारीक वाटा मोकळ्या व्हाव्या लागतात. घाईने तापवले, की आत अडकलेल्या बाइंडरचा वायू होतो आणि पार्टला फोड येतात, चिरा जातात. भिंत जितकी जाड, तितका धोका मोठा. म्हणून भिंती शक्यतो ६ मिमीच्या आत आणि सगळीकडे सारख्या ठेवाव्यात, जाड गोळा असेल तिथे आतून पोकळी द्यावी. ३१६एल या स्टेनलेस स्टीलमध्ये बाइंडरचा कार्बन मागे राहिला, तर त्याची गंजरोधक ताकदच जाते.

सिंटरिंगच्या तापमानाला अधांतरी लांब हात स्वतःच्या वजनाने लवतो. एक बाजू सपाट ठेवावी, नाहीतर सिरॅमिकचा आधार घडवावा लागतो. टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, मापाच्या ±०.३ ते ०.५ टक्के धरावा. बेअरिंगच्या बोअरला (भोकाला) त्याहून नेमके माप हवे असेल, तर तो नंतर रीम करावा, म्हणजे हत्याराने कातून नेमक्या मापाला आणावा.

दातांच्या तारांचे ब्रॅकेट, एंडोस्कोपीच्या चिमट्याचे जबडे, फोनच्या बिजागऱ्या, टर्बोचार्जरची पाती अशा लहान, गुंतागुंतीच्या आणि हजारोंनी लागणाऱ्या पार्टसाठी ही पद्धत उत्तम आहे. साधी गोल पिन मात्र लेथवरच करावी.

आणखी एक. साच्यातून निघालेला, बाइंडर अजून आत असलेला ग्रीन पार्ट लगेच वजनकाट्यावर ठेवावा. वजन कमी भरले तर आत पोकळी असण्याची शक्यता मोठी. तो पार्ट दळून पुन्हा वापरता येतो, सिंटरिंगनंतर तोच भंगारात जातो.

आपले,
टूलरूममधील काही वाचक