भटारखान्यातली अग्निसुरक्षा कागदावर नको

कुर्ल्यात ऑक्टोबर २०१५ मध्ये एका हॉटेलातल्या आगीत आठ जण गेले. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो. पण दाखला देणारा भटारखान्यात शिरतो का?

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका हॉटेलात हात धुवायला आत गेलो. अग्निशामक नळकांडे कांद्याच्या पोत्यांमागे, त्यावरच्या चिठ्ठीची तारीख उलटून गेलेली. कढईवरच्या चिमणीच्या कडेला तेलाचा काळा थेंब लोंबत होता. ही चिकटच आधी पेट घेते आणि डक्टमधून (धूर बाहेर नेणाऱ्या नळीतून) आग वर नेते. चुलीवरच्या आग विझवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेची उष्णतेने वितळणारी कडी चिकटीने माखली, तर ती वेळेवर सुटत नाही आणि यंत्रणा वेळेवर सुरू होत नाही. अशा वेळी घाबरलेला पोऱ्या पेटत्या तेलावर पाणी ओततो आणि भडका छताला लागतो. तिथे 'के' वर्गाचेच, म्हणजे स्वयंपाकाच्या तेलाच्या आगीसाठीचे, नळकांडे हवे.

अग्निशमन दलाने जुलैचे दाखले नुसते जमा करून न घेता अचानक जाऊन डक्टमध्ये टॉर्च मारून पाहावे. दाखल्याची प्रत गल्ल्याजवळ लावणेही सक्तीचे करावे.

– एक वाचक, ठाणे