लोणारच्या उताराची धूप माथ्यापासून थांबवा: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. त्या पाण्याला वेढणाऱ्या उतारांच्या धुपेविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. हे पत्र त्या उतारांपुरतेच आहे.

उल्काघाताने बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकात, पडलेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याची कडा भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच उचलली गेलेली असल्याने बाहेरच्या रानाचे पाणी सहसा बाहेरच वळते. अपवाद ईशान्येचा. तिथे धार नावाच्या झऱ्याच्या ओहोळाने कडा कापली असून त्या वाटेने आलेला गाळ काठावर पंख्यासारखा पसरला आहे. इतरत्र लाव्हाच्या टणक थरांमध्ये कुजलेल्या, मऊ खडकाचे पट्टे आहेत. पावसाळ्यात पाणी त्यांतून पाझरते, मऊ पट्टा आधी झिजतो आणि वरचा दगड आधार सुटून खाली येतो. ज्या पायवाटा सरळ उताराने जातात, त्यांचे पावसागणिक चर होतात.

अशा ठिकाणी काठाशी सिमेंटची भिंत बांधण्याचा मोह टाळावा, ही पहिली विनंती. धूप सुरू होते माथ्यावर, आणि पायथ्याची भिंत पाझराचे पाणी अडवून मागचा दाब तेवढा वाढवते. पाणी मुरवण्यासाठी डोंगरउतारावर सर्रास आडवे खोदले जाणारे समतल चरही इथे नकोत. तीव्र उतारावर जास्त पाणी मुरवले तर भिजलेला मुरूम घसरतो, शिवाय इथली जमीन हाच आघाताचा पुरावा आहे. त्याच कारणाने घळींतील अनघड दगडी बांधांसाठी दगड विवरातून उचलू नये. तो बाहेरून आणावा, खर्च वाढला तरी. बांध माथ्याकडून खाली, लहान आणि जवळजवळ घालावेत.

वेडी बाभूळ, हे बाहेरून आलेले आणि झपाट्याने पसरणारे झाड, काढायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. परंतु ती मुळासकट उपटून उतार उघडा टाकला तर पहिल्याच वळवाच्या पावसात माती सरोवरात जाईल. ती टप्प्याटप्प्याने, आडव्या पट्ट्यांत तोडावी, बुंधे पुन्हा फुटू नयेत याची काळजी घेत मुळे काही काळ जमिनीतच राहू द्यावीत, आणि पुढचा पट्टा तोडण्याआधी मोकळ्या पट्ट्यात मारवेल, पवन्या यांसारखे स्थानिक गवत रुजलेले असावे. झाडे त्यानंतर. रोपांच्या संख्येवर काम मोजण्याची सवय इथे घातक ठरेल, कारण माती धरते ती गवताच्या दाट मुळांनी. अगदी काठाच्या खारवट पट्ट्यात तर उतारावर लावायची रोपे लावूच नयेत. तिथली वनस्पती वेगळीच आहे.

गावाकडून येणारे गटाराचे आणि पावसाचे पाणी कड्यावरच वळवणे वन विभागाच्या एकट्याच्या हातात नाही. म्हणून नगर परिषद, पुरातत्त्व विभाग आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांना एकत्र बसवून संपूर्ण उताराचा एकच आराखडा आपण करून घ्यावा, तो मराठीत जाहीर करावा, आणि तोपर्यंत विवरात कोणतेही नवे खोदकाम होऊ देऊ नये.

आपला विश्वासू,
लोणार परिसरातील एक नागरिक