चिमीने वाकवलेली सुई

प्रिय बापू,

सहा महिने तुला पत्र नाही. कारण विचारू नकोस, आळस. तब्येत ठीक. साखर जागेवर, कानाने राजीनामा दिलाय. त्याचा फायदा असा की गिअरचा आवाज आता त्रास देत नाही.

लिहितोय ते एका सुईसाठी. आपल्या मॉरिस मायनरच्या एस.यू. कार्ब्युरेटरच्या, इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या त्या भांड्याच्या.

माझ्या नातीला, चिमीला, गाडीचं वेड लागलंय हे तुला फोनवर सांगितलं होतं. सुट्टीत आली की सकाळी उठून पहिली शेडमध्ये. बॉनेटवरची ती मधली उंच पट्टी कशाला, असं तिने विचारलं तेव्हा तिला सगळी हकीगत सांगितली. गाडीचा आराखडा करणाऱ्या इसिगोनिसला आपली गाडी अरुंद वाटली म्हणून त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापून घेतली, दोन भाग सरकवून बघितले आणि 4 इंच रुंदी वाढवली. ती पट्टी त्या 4 इंचांची. पोरगी तासभर टेप घेऊन बॉनेट मोजत बसली. 1948 साल सांगितलं असतं तर ऐकलंही नसतं. गाडी कापली म्हटल्यावर डोळे हे एवढे!

मग मी चेकाळलोच. ग्रीसगन तिच्या हातात दिली. समोरच्या ट्रनियनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला, दर हजार मैलांनी ग्रीस नाही दिलं तर काय होतं, ते सांगताना अर्थातच तुझं उदाहरण दिलं. भर वळणावर चाक आत दुमडून गाडी नमस्कार घालत बसली आणि तू खाली उतरून 'रस्ता खराब आहे' म्हणालास, तो प्रसंग तिला इतका आवडलाय की रोज सांगायला लावते. इंजिन सुरू करायचं हॅण्डल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही, नाहीतर इंजिन उलटं फिरलं की अंगठा जातो, हे तिला पाठ आहे. मारायला मात्र अजून देत नाही. ब्रेकचे ड्रम उघडतो तेव्हा तिला घरात पाठवतो. त्या जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, आणि आपण दोघांनी ती फुंकरीने उडवली ते उडवली. मागच्या सीटला पट्टे नाहीत, म्हणून फेरी फक्त फाटकापर्यंत. त्यावरून ती रुसते. रुसू दे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी कार्ब्युरेटर साफ करत होतो. वरची टोपी काढली, पिस्टन बाहेर घेतला आणि तिच्या हातात दिला. खालची सुई दाखवली. ही निमुळती आहे, पिस्टन वर गेला की जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या भोकात, तिची बारीक बाजू येते आणि पेट्रोल जास्त सुटतं, असं सगळं समजावलं. तिला कळलंसुद्धा. 'म्हणजे गाडी श्वास घेते तशी सुई वर जाते,' म्हणाली. आणि त्याच आनंदात पिस्टन हातातून सुटला, फरशीवर, सुईच्या बाजूने.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण हात वर गेला होता एवढं नक्की. माझा मुलगा दारात होता. तो काही बोलला नाही. आत आला आणि माझ्या आणि चिमीच्या मध्ये उभा राहिला. बस, एवढंच. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण बापू, चेहरा आठ वर्षांचा होता.

तुला सांगायला नको. तू होतास तेव्हा. वळण दाखवायला तो इंडिकेटरचा हात दाराच्या खांबातून बाहेर आला की पोराला गंमत वाटायची, 'गाडीने हात वर केला' म्हणायचा. एकदा हात बाहेर येऊन अडकला म्हणून त्याने मदत म्हणून ओढला आणि तो तुटला. मी त्याच्या थोबाडीत मारली, तुझ्यासमोर. तू म्हणालास, 'हात नवा मिळेल,' आणि मी म्हणालो, 'तू मध्ये पडू नकोस.' त्यावरून आपण वर्षभर बोललो नाही. मी लोकांना सांगत असे की आपलं बॅटरीवरून बिनसलं. (तू ती उलटी लावलीच होतीस, ते वेगळं. पॉझिटिव्ह अर्थिंग आहे, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या अंगाला जोडायचं, हे शंभरदा सांगितलं होतं.)

तेव्हापासून गेल्या रविवारपर्यंत तो शेडमध्ये आला नव्हता. आणि मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो की याला यंत्रांची गोडीच नाही, पुढची पिढी अशीच. तूही ऐकून घेतलंस, एकदाही खोडून काढलं नाहीस. ते तुझं मोठेपण की मला जन्मभर पकडीत ठेवायची युक्ती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता गाडी कोणाला द्यायची ही चिंता नाही. चिमी घेईल, पट्टे बसवेल, वाटल्यास दुसरं इंजिनही घालेल. मला रात्री झोप नाही ती वेगळ्याच गोष्टीने. त्याला जाऊन सांगायचं तर काय? 'तेव्हा चुकलो' म्हटलं तर तो 'अहो बाबा, सोडा' म्हणेल आणि विषय मिटेल. मिटायला नको आहे मला. ते दोघे दुसऱ्या दिवशी परत गेले. निघताना चिमीने हळूच विचारलं, 'आजोबा, सुई बदलता येते ना?' तो तिची बॅग गाडीत ठेवत होता. पण त्याने ऐकलं.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? वहिनी कशा आहेत? धाकटीचं घर झालं हे कळलं, आनंद वाटला. सविस्तर पुढच्या पत्रात.

तुझ्याकडे जुन्या एच-वन कार्ब्युरेटरच्या सुया असतील, तुझ्या त्या पत्र्याच्या डब्यात. 803 सीसीच्या इंजिनाची हवी, आकडा बघून पाठव. दोन पाठव. आणि डब्यात डाव्या बाजूचा इंडिकेटरचा हात असेल तर तोही. माझा डावा अजून झाळलेलाच आहे.

तुझा,
नाना